‘करमत नाही’ ही तक्रार आहे



धर्माबादेत कुठल्याही मुसलमान घरात जा. भिंतीला टेकून मोबाईल बघत बसलेल्या अठरा-वीस वर्षांच्या पोराला किंवा पोरीला विचारा, ‘क्या हुआ?’ उत्तर येईल, ‘कुछ नै.’ दुसऱ्यांदा विचारा. ‘मूड नै.’ तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. तिसऱ्यांदा सल्ला दिला जातो.

सल्ले तीनच आहेत. मोबाईल काढून घ्या. नमाजला लावा. लग्न करून टाका. घर गरीब असो की बऱ्यापैकी, माणसं शिकलेली असोत की नसोत, यादी बदलत नाही. मी सत्तावीस वर्षांची आहे. घरीच आठवी ते दहावीच्या मुलींची शिकवणी घेते. हे तिन्ही सल्ले मला स्वतःला मिळाले आहेत आणि माझ्याकडं येणाऱ्या मुलींना मिळताना मी रोज ऐकते. तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. बिघाड पोरांत आहे, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. ती पोरं ज्या गल्लीत, ज्या गावात बसली आहेत तिथं काही बिघडलंय का, हे बघायला कुणी उठत नाही. माझं भांडण याच्याशी आहे.

आपल्या घरात दखनी, शाळेत मराठी किंवा उर्दू, बाजारात अर्धं तेलुगू. १९५६ साली हैद्राबाद राज्याची भाषांप्रमाणं वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि रेल्वेनं पुढचंच स्टेशन असलेलं बासर आंध्रात. अशा तीन-तीन भाषा रोज बोलणाऱ्या गावातल्या पोरांना मनाची हालत सांगायला मात्र एकच इंग्रजी शब्द सापडतो, मूड. मराठीत याहून कितीतरी चांगला शब्द आहे. करमत नाही. आपल्या अम्मी-खाला ‘दिल नै लगरा’ म्हणतात ते हेच. ‘मूड नाही’ म्हटलं की बोलणं माझ्यापाशीच संपतं. ‘करमत नाही’ म्हटलं की ऐकणारा आपोआप विचारतो, कुठं करमत नाही? कुणावाचून करमत नाही? म्हणजे त्यात जागा आली आणि माणूसही आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या पोरापोरींचं ‘मूड नै’ हे बहुतेक वेळा ‘इथं करमत नाही’ असतं. ती गावाविरुद्धची तक्रार आहे, आणि तक्रारीची दखल घ्यायची असते.

तक्रार म्हणजे काय, हे आपल्या तालुक्याला शिकवायला नको. २०१८ च्या सुमारास धर्माबाद तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांचे सरपंच उठले आणि म्हणाले, इथं सोयी नाहीत, पलीकडं शेतकऱ्याला जास्त मिळतं, आम्हाला तेलंगणात जाऊ द्या. पेपरांत बातम्या आल्या, पुढाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली. अख्ख्या गावानं ‘इथं करमत नाही, आम्ही जातो’ म्हटलं तर ते राजकारण. एका पोरीनं तेच म्हटलं की ती ‘मूडी’.

श्रीमंतांचं दुखणं?

एकटेपणा हे पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधलं दुखणं आहे, असं आपल्याकडं मानतात. ‘आठ माणसं, दोन खोल्या. एकटं राहायला जागा कुठं आहे आमच्यात?’ असं माझी फुफी हसून म्हणते. तिचं हसणं खरं आहे, हिशेब चुकीचा आहे. घरात डोकी किती, यावर एकटेपणा ठरत नाही. मनातलं बोलता येईल असं त्या डोक्यांत एक तरी आहे का, यावर ठरतो. आठ माणसांच्या घरात आपल्या बहिणीशी पाच मिनिटं खासगी बोलायला कोपरा न मिळणं, हाही एकटेपणाच आहे.

आकडे हवे असतील तर तेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये या प्रश्नासाठी एक आयोग नेमला. त्याचा अहवाल ३० जून २०२५ ला आला. जगात दर सहा माणसांमागं एकाला एकटेपणा सतावतो. १३ ते २९ या वयोगटात हे प्रमाण १७ ते २१ टक्के आहे. आणि फुफीला सांगण्यासारखा आकडा पुढं आहे. श्रीमंत देशांत सुमारे ११ टक्के लोक एकटेपणा सांगतात, गरीब देशांत सुमारे २४ टक्के. दुपटीहून जास्त. ब्रिटननं २०१८ साली आणि जपाननं २०२१ साली या प्रश्नासाठी मंत्री नेमले. ज्यांच्याकडं हे दुखणं कमी त्यांनी मंत्री नेमले. ज्यांच्याकडं जास्त ते अजून म्हणतात, आमच्यात असलं काही नसतं.

‘इमान कमजोर है’

आता नमाजच्या सल्ल्याकडं येते. नमाजनं मनाला थारा मिळतो, हे मी नाकारत नाही. मलाही मिळतो. माझा राग त्या सल्ल्यामागच्या निदानावर आहे. उदास दिसलेल्या माणसाला ‘तुझं इमान कमजोर आहे’ म्हणणं. आधीच खचलेल्याच्या डोक्यावर गुन्ह्याचं ओझं ठेवणं.

हे निदान करणाऱ्यांनी आपलाच इतिहास आठवावा. हजरत खदीजा आणि चाचा अबू तालिब ज्या वर्षी वारले, ते वर्ष ‘आमुल हुज्न’ म्हणून ओळखलं जातं. दुःखाचं वर्ष. पैगंबरांच्या (स.) आयुष्यातल्या एका अख्ख्या वर्षाला दुःखाचं नाव देताना कुणाला कमीपणा वाटला नाही. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांची हकीकत आहे. हरवलेल्या मुलाच्या दुःखानं त्यांचे डोळे पांढरे पडले. त्यांना कमजोर इमानाचा म्हणायची कुणाची छाती आहे? आणि त्याच हकीकतीत पुढं काय आहे, तेही वाचा. अजून किती दिवस त्याचीच आठवण काढत बसणार, असं म्हणून त्यांना टोकणारे त्यांच्या घरचेच होते. तेव्हाही घरचेच, आजही घरचेच.

आणखी एक. जमातीच्या नमाजची मोठी गोष्ट काय सांगितली जाते? खांद्याला खांदा लावून उभं राहणं. शेजारचा कोण, कुठल्या घरचा, किती पैशांचा, हे न विचारता. एकटेपणावर याहून चांगला उतारा काय असेल? पण तो खांदा आपल्या गावात मुलींना मिळतो का? २०२३ साली ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं सुप्रीम कोर्टात लेखी सांगितलं की बायकांना मशिदीत जाऊन नमाज पढायची मुभा आहे. कोर्टात मुभा आहे. गल्लीत वुजूची सोय नाही, वेगळा दरवाजा नाही, सफ नाही. म्हणजे एकटेपणावर उपाय म्हणून नमाज सांगायची आणि ती नमाजही घरात एकटीनंच पढ म्हणायचं. हा कुठला इलाज?

मोबाईल ठेवून जायचं कुठं?

मोबाईलची बाजू मी घेणार नाही. रात्री दोनपर्यंत रील्स पाहणाऱ्याला सकाळी मूड नसणारच. झोप मोडली की मन मोडतं, त्याला शास्त्र लागत नाही. दुसऱ्यांचे वलीमे, दुसऱ्यांचे कपडे, दुबईला गेलेल्या वर्गमित्राचे फोटो तासभर बघून उठलं की आपलं घर अजून लहान वाटतं, हेही खरं.

पण संध्याकाळी पाच वाजता मोबाईल ठेवला, समजा. आता सांगा, जायचं कुठं?

मुलांकडं उत्तर आहे. चहाचं हॉटेल आहे, चौक आहे, मैदान आहे, मशिदीचा ओटा आहे, आणि काहीच नसलं तर स्टेशनचा प्लॅटफॉर्म आहे. मुलींची यादी करून पाहा. मी माझ्या दहावीच्या वर्गाला करायला सांगितली. शाळा, शिकवणी, नातेवाईकांकडं, लग्न, मैयत, दवाखाना, आणि अम्मीबरोबर बाजार. यातल्या प्रत्येक ठिकाणी जायला कारण लागतं, आणि कारण संपलं की उठावं लागतं. नुसतं बसायला, मैत्रिणीशी बोलायला, काही न करता हसायला एकही जागा त्या यादीत नव्हती. शाळा संपली की यादीतली पहिली दोन नावंही जातात.

२०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्या बायकांविषयी ‘व्हाय लॉयटर’ नावाचं पुस्तक लिहिलं. बाईला रस्त्यावर दिसायचं तर हातात काहीतरी काम दाखवावं लागतं आणि विनाकारण रेंगाळणं हाही तिचा हक्क असला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हे मुंबईविषयी, जिथं समुद्रकिनारा आहे, लोकल आहे, अनोळखी गर्दी आहे. धर्माबादेत कोण कुणाची पोरगी आहे हे पानवाल्यालाही माहीत आहे. इथं मुलीनं दहा मिनिटं रेंगाळलं की अकराव्या मिनिटाला घरी फोन जातो.

आपलं गाव लाल मिरचीचं. मिरचीचे देठ काढायला बसणाऱ्या बायका तुम्ही पाहिल्या असतील. ठसक्यानं नाकातोंडातून पाणी येतं, मजुरी कमी, पाठीचा खुळा. तरी ओळीनं बसून त्या बोलत असतात. सासूला नावं ठेवतात, एकमेकींची चेष्टा करतात, एखादी रडली तर बाजूची पदर पुढं करते. ते काम चांगलं आहे, असं मी म्हणत नाही. पण बघा, मजुरीला जाणारी बाई चारचौघींत बसते आणि बारावी, बी. ए. झालेली तिची मुलगी इज्जतीच्या नावाखाली घरात एकटी बसते. शिक्षणानं तिला बोलायला चार गोष्टी दिल्या आणि आपण ऐकणारी माणसं काढून घेतली.

गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याची दारं कधी उघडतात आणि कधी बंद होतात, हे आपल्याकडच्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणं १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडी. पाण्यासाठी दोन राज्यं कोर्टात गेली, आंध्रातले पुढारी इथं येऊन अटकेत बसले. आता सांगा, गावात आपल्या मुलींना बसायला एखादं दार किती वाजता उघडतं? कुणाला तोंडपाठ आहे? असं दार तरी आहे का?

माझ्या शिकवणीत मुली अर्धा तास आधी येतात आणि संपल्यावर अर्धा तास बसतात. गणिताची एवढी गोडी नाही त्यांना. ओसरीवर बसतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, शिक्षकांच्या नकला करतात, मग कधी एखादी हळूच खरं काही बोलते. गल्लीतून निरोप येतात. शिकवणी सुटली तरी पोरी कशाला बसतात? एवढं हसणं कशाला? अब्बांनाही मशिदीच्या वाटेवर विचारून झालं. त्यांनी घरी येऊन मला विचारलं, आणि मी म्हणाले, ‘अब्बा, उनकू और जगा नै.’ अब्बा गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ओसरीवर एक सतरंजी जास्त होती.

पण गल्लीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते हे. पोरी बसतात कारण गावात त्यांना दुसरीकडं बसू दिलं जात नाही. तुम्हाला माझ्या ओसरीवरचं हसणं खुपत असेल तर दुसरी जागा द्या. हसणं बंद करा, हे मागू नका.

मुलं तरी कुठं मोकळी आहेत?

मुलांना जागा आहे म्हणून त्यांना करमतं, असंही समजू नका. हॉटेलात चार तास बसणारा मुलगा आयपीएलवर बोलतो, गाडीच्या मायलेजवर बोलतो, दुसऱ्याच्या लफड्यावर बोलतो. भरती हुकली, उधारी झाली, रात्री छातीत धडधडतं, यावर तो बोलत नाही. ‘मर्द होके रोता?’ हे वाक्य त्यानं सहाव्या वर्षी ऐकलेलं असतं.

जे बाहेर गेले त्यांचं वेगळं. देवगिरी एक्स्प्रेसनं हैद्राबादकडं, नाहीतर मराठवाडा एक्स्प्रेसनं औरंगाबादकडं. माझा भाई चार वर्षं हैद्राबादेत एका दुकानात कामाला आहे. त्याचा रोज रात्री फोन येतो. ‘खाना खाया?’ ‘हौ.’ ‘तबियत?’ ‘ठीक.’ ‘पैसे भेजा.’ ‘हौ.’ दोन मिनिटांत संपतो. चार वर्षांत त्याचं कुणी मित्र झालं का, हे आमच्या घरात कुणालाही सांगता येणार नाही.

लातूरला नीटच्या तयारीला गेलेला माझा चुलतभाऊ खोली शोधत फिरला. फोनवर खोली रिकामी असायची. नाव सांगितलं की भरलेली असायची. शेवटी मिळाली ती क्लासपासून लांब, एकट्याची. ‘लातूर पॅटर्न’चं कौतुक महाराष्ट्रभर आहे आणि त्यातली मेहनत खरीच आहे. पण दोन वर्षं पहाटेपासून रात्रीपर्यंत फक्त स्पर्धक भेटणारे, आणि त्यातही शेजारी नसलेला सतरा वर्षांचा पोरगा, त्याच्या गुणपत्रिकेवर हे कुठं लिहिलेलं असतं?

आणि एक भीती आहे, तिच्याविषयी आपण घरातही कुजबुजतच बोलतो. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून दगडफेक झाली, दुकानं फुटली. त्यानंतर आपल्याकडच्या किती अम्मींनी पोरांचे मोबाईल तपासले, आठवा. ‘कुछ मत लिख. किसीकू जवाब मत दे.’ पोरांनी ऐकलं. शाळेपासूनच्या मित्रांच्या ग्रुपमध्ये कुणी काही विखारी टाकलं की पोरगं उत्तर देत नाही. आधी म्यूट करतं, मग हळूच बाहेर पडतं. ज्यांच्याबरोबर दिवाळीचा चिवडा आणि ईदचा शीरखुर्मा खाल्ला, त्यांच्यातून एक माणूस कमी होतो आणि कुणी विचारतही नाही, कुठं गेलास? त्या ग्रुपमधल्या चांगल्या मुलांना मला सांगायचं आहे, तुमचं गप्प बसणं त्याला ऐकू येतं. आणि आपल्या मुलांना सांगायचं आहे, अख्खा ग्रुप सोडलात तरी त्यातला एक जण धरून ठेवा. त्याच्या घरी जा. ग्रुप तुटला म्हणून दोस्ती तोडायची गरज नाही.

शादी के बाद सब ठीक?

तिसरा सल्ला सगळ्यात महाग. मुलगी गप्प राहते, रडते, चिडते, तर स्थळ बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. मराठवाड्यात प्रमाण याहून जास्त आहे. हे सगळ्या समाजांत आहे, आपल्यातही आहे.

लग्नानं एकटेपणा जातो, हे कुणी ठरवलं? जिला आपल्या गावात एक मैत्रीण टिकवू दिली नाही, तिला अनोळखी गावात, अनोळखी घरात पाठवायचं. तिथं तिचं नाव ‘दुल्हन’, मग ‘मुन्ने की अम्मी’. नवरा बाहेरगावी. मोबाईल सासूच्या नजरेखाली. आणि माहेरी फोन केला तर विचारतात, ‘सब ठीक?’ ती म्हणते, ‘हौ.’ आपण सुटकेचा श्वास टाकतो. तिचा एकटेपणा गेला नाही, फक्त आपल्या घरातून दुसऱ्याच्या घरात गेला.

मूड आणि आजार

इथं एक गोष्ट साफ सांगते, कारण गल्लत झाली तर जीव जातो. रोजचं करमत नसणं वेगळं आणि आजार वेगळा. आवडतं जेवण, आवडतं माणूस, आवडता खेळ, काहीच नको वाटणं. झोप आणि भूक बिघडणं. ‘मी नसतो तर बरं’ असं बोलणं. आणि हे दोन आठवडे हटत नसेल तर गप्पा, सतरंज्या, जागा पुरत नाहीत. डॉक्टर लागतो, जसा मलेरियाला लागतो. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकाराचा विभाग आहे. तितकं जमत नसेल तर १४४१६ या नंबरवर फोन करा. ‘टेलीमानस’ नावाची ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार इलाज मिळणं हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. दुआ जरूर करा, पण डॉक्टरला बाजूला सारून नको.

‘नको’ हा शब्द दखनीनं मराठीकडून घेतला आणि आपल्या घराघरांत ठेवला. तो इथं वापरा. आजार लपवणं नको.

मग करायचं काय?

आपली चळवळ नागरी हक्कांची आहे, म्हणून उपायही नागरिकाचेच सांगते. एकेकट्यानं मन घट्ट करायचा उपाय आपल्याला पुष्कळांनी सांगून झाला.

पहिलं. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. धर्माबाद नगरपरिषदेला विचारा, गावात सार्वजनिक सभागृहं, वाचनालयं, बागा किती, कुठं, कोणत्या वेळेत उघड्या, मुलींसाठी त्यांत काय सोय. महिला व बालकल्याणासाठी स्थानिक संस्थांनी ५ टक्के निधी राखायचा असतो. तो कशावर खर्च झाला, तेही विचारा. शिलाई मशीनवर झाला असेल तर पुढच्या वर्षी एक खोली मागा. पंखा, दिवे, संडास आणि किल्ली एका बाईच्या हातात.

दुसरं. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणं सरकारी अनुदान मिळतं. ते आपल्या करातून जातं. तुमच्या गावातल्या ग्रंथालयात जाऊन सभासद व्हा. एकटी जाऊ नका, आठ जणी जा. आठ जणी रोज दिसल्या की खुर्च्या आपोआप वाढतात.

तिसरं, मशिदीच्या आणि शादीखान्याच्या ट्रस्टींना. शादीखाना लग्नसराई सोडली तर बरेच दिवस कुलपात असतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी तो पोरींना द्या. शिकवणी, कॅरम, पुस्तकं, काहीही. आणि काहीच नाही केलं, नुसत्या बसल्या, तरी चालेल. मशिदीत बायकांसाठी एक सफ आणि एक नळ, ही मागणी मोठी नाही.

चौथं, भाईंनो, तुम्हाला. चहाच्या टेबलावर आज एक प्रश्न खरा विचारा आणि उत्तर येईपर्यंत मोबाईल खिशात ठेवा. घरी गेल्यावर बहिणीला विचारा, तुला कुठं जायचंय? आणि तिच्या पुढं पुढं चालत तिची राखण करत फिरू नका. तिला तिथं सोडा आणि परत या.

पाचवं, मोठ्यांना. ‘कुछ नै’ ऐकलं की सल्ला गिळा आणि तिसऱ्यांदा विचारा. शेजारी बसून विचारा. उत्तर त्या दिवशी नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी परत बसा.

आणि तुम्ही, जे हे मोबाईलवर वाचताय, कदाचित भिंतीला टेकून, कदाचित रात्री एक वाजता. तुमच्यात काही तुटलेलं आहे असं तुम्हाला वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. ते खरं धरू नका. उद्या दोन मैत्रिणींना किंवा दोन दोस्तांना हा लेख पाठवा आणि एका कागदावर नगरपरिषदेच्या नावानं निवेदन लिहा. मुख्याधिकाऱ्यांना नमस्कार, जागेची मागणी, खाली सह्या. विषयाच्या ओळीत सरळ लिहा, ‘गावात करमत नाही, त्याबाबत.’ आणि पोच घ्यायला विसरू नका.